तिसरी आणि शेवटची वेळ

लहानपणी नगरला रविवारच्या उपासनेत मला एकच भाग मनापासून आवडायचा, बॅन्स. उपदेश संपला, अर्पणाच्या थैल्या फिरून झाल्या की पाळकसाहेब चष्मा सारखा करून एक कागद काढायचे आणि वाचायचे, अमुक गावच्या अमक्याचे चिरंजीव आणि तमक्याची कन्या यांचा विवाह ठरलाय, कुणाला काही कायदेशीर हरकत माहीत असेल तर कळवावी, ही पहिली वेळ. पुढच्या रविवारी दुसरी वेळ. मग तिसरी आणि शेवटची. त्या शेवटच्या वेळी ते दोनतीन सेकंद थांबायचे आणि सगळं चर्च मान न वळवता मागे बघायचं, ते कसं जमतं ते नगरच्या बायकांनाच विचारा. मला दर वेळी वाटायचं की आज कुणीतरी उठणार. कुणी कधी उठलं नाही. एकदा एक आजोबा उठले, सगळ्यांचा श्वास अडकला, तर ते लघवीला निघाले होते.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे ताईच्या मुलीचं लग्न. ताई माझी आत्येबहीण, माझ्या सात वर्षं आधी कॅनडात आलेली, राहते टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टनला. तिच्या मुलीचं म्हणजे माझ्या भाचीचं लग्न गेल्या ऑक्टोबरात झालं, एका मुलीशी, चर्चमधे. वाक्य एवढंसं आहे पण आमच्या घरात अजून कुणालाच ते पूर्ण म्हणता आलेलं नाही. कुणी 'लग्न' म्हणून थांबतं, कुणी 'चर्चमधे' गिळून टाकतं, दाजी तर नुसतं 'तो कार्यक्रम' म्हणतात.

इथल्या मराठी मैत्रिणींना कळलं तेव्हा गणपतीच्या जेवणात एकीने मला हळूच विचारलं, अगं पण तुमच्यात चालतं का हे? मी म्हटलं, कुठल्या तुमच्यात? तिला वाटलं मी चिडले. चिडले नव्हते, मला खरंच विचारायचं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ख्रिश्चन म्हणजे एक गठ्ठा वाटतो, वर पोप, खाली फादर, मधे नाताळचा केक. प्रत्यक्षात टोरोंटोमधे एका रस्त्यावर पाच चर्चेस असतील तर पाच उत्तरं मिळतील, आणि त्यातल्या दोन चर्चमधे आत गेल्यावर आणखी दोनदोन.

आधी इथली गोष्ट सांगते, कारण ती बॅन्सपासूनच सुरू होते आणि मला हे इथे येऊन कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. ऑन्टारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, लग्न दोन रस्त्यांनी लागतं. एक म्हणजे सिटी हॉलमधून लायसन्स काढायचं. दुसरा जुना रस्ता, चर्चमधे बॅन्स वाचायचे, मग लायसन्स लागतच नाही. २००० साली समलिंगी जोडप्याला लायसन्स मिळायची सोय नव्हती. टोरोंटोच्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चच्या पाळकांनी, ब्रेन्ट हॉक्स त्यांचं नाव, कायदा नीट वाचला आणि म्हणाले ठीक आहे, आपण बॅन्स वाचू. हे चर्च म्हणजे १९६८ साली लॉस एंजेलिसला ट्रॉय पेरी नावाच्या पाळकाने आपल्या घरात डझनभर लोक जमवून सुरू केलेल्या चळवळीतलं, समलिंगी लोकांना बाकी कुठे दारात उभं करत नव्हते म्हणून काढलेलं. तर डिसेंबर २००० मधे तिथे दोन जोडप्यांचे बॅन्स वाचले गेले, आणि १४ जानेवारी २००१ ला एकाच उपासनेत दोन्ही लग्नं लागली, एक दोन पुरुषांचं, एक दोन बायकांचं. पाळकसाहेबांनी झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं. बाहेर पोलीस.

सरकारने ती लग्नं नोंदवून घ्यायला नकार दिला, मग कोर्ट, आणि १० जून २००३ ला ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने सांगितलं की लग्नं वैध आहेत, मागल्या तारखेपासून नोंदवा. २००५ च्या जुलैत तर देशभरचा कायदाच आला. म्हणजे ज्या कागदाच्या तिसऱ्या वेळी मी नगरला जीव मुठीत धरून बसायचे, त्याच कागदाने इथे एवढं सगळं हलवलं. एखाद्या वकिलाच्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही, आपल्याच चर्चमधली, जुनाट, कंटाळवाणी गोष्ट.

आता माझ्या स्वतःच्या चर्चचं सांगायला हवं, मी अँग्लिकन चर्चला जाते. (नगरला आमचं चर्च सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि सीएनआयमधे अँग्लिकनही मिसळलेले, म्हणून इथे आल्यावर त्यातल्या त्यात ओळखीचा झगा दिसला तिथे शिरलो, यापलीकडे त्यात तत्त्वज्ञान काही नाही.) कॅनडाच्या अँग्लिकन लोकांचं असं आहे की लग्नाचा नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभेत बिशप, पाळक आणि साधे सभासद अशा तीन गटांचं वेगवेगळं मतदान होतं आणि तिन्ही गटांत दोन-तृतीयांश लागतात, ते पण लागोपाठच्या दोन सभांमधे. २०१६ च्या जुलैत टोरोंटोजवळ रिचमंड हिलला पहिलं मतदान झालं. बिशप पास, सभासद पास, पाळकांमधे ५१ बाजूने आणि २६ विरुद्ध. ६६.२३ टक्के. एका मताने ठराव पडला. लोक रडले, काही सुटलो म्हणाले, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मतांची यादी तपासली तर सभेचे जनरल सेक्रेटरी, जे स्वतः पाळक आहेत, त्यांचं मत चुकून सभासदांच्या खात्यात धरलं गेलेलं. ते उचलून इकडे आणलं तर ५२ विरुद्ध २६. बावन्न भागिले अठ्ठ्याहत्तर करून बघा, बरोब्बर दोन-तृतीयांश, कणभर जास्त नाही कणभर कमी नाही. ठराव पास.

मी हे जिला जिला सांगितलंय तिला तिला हसू आलंय आणि मग ती गप्प झाली. कारण दोन्ही बाजूंचे लोक म्हणत होते की आम्ही पवित्र आत्म्याची वाणी ऐकतोय, आणि वाणी कुणाचं नाव कुठल्या रकान्यात आहे यावर अडकली होती.

पुढे २०१९ ला व्हँकुव्हरला दुसरं मतदान. सभासद ८०.९ टक्के, पाळक ७३.२, आणि बिशप ६२.२. ठराव पडला. यावेळी कुणाचं मत चुकीच्या खात्यात सापडलं नाही. पण त्याच सभेत असंही मान्य केलं गेलं की देशात याबद्दल वेगवेगळ्या समजुती आणि वेगवेगळे रिवाज आहेत, आणि आमच्या टोरोंटोसारख्या धर्मप्रांतांत लग्नं लागत राहिली. म्हणजे नियम बदलला नाही आणि लग्नं लागतात. हे ज्याला ढोंग वाटतं त्याने आपल्याकडचं कुठलंही एकत्र कुटुंब आठवून बघावं. प्रेस्बिटेरियन लोकांनी तर २०२१ ला सरळ लिहूनच टाकलं की लग्नाच्या दोन समांतर व्याख्या आम्ही मानतो, एक स्त्री-पुरुषाची आणि एक दोन प्रौढ माणसांची, ज्याने त्याने आपल्या विवेकाला पटेल ती घ्यावी. वाड्यात दोन भाऊ वेगळे झाले, मधे भिंत आली, पण नळ एकच राहिला.

अमेरिकेत मेथडिस्टांना हे जमलं नाही. १९७२ पासून त्यांच्या नियमावलीत समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे असं वाक्य होतं, २०१९ ला ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी ते आणखी घट्ट आवळलं, मग हजारो मंडळ्या बाहेर पडल्या, आणि गंमत म्हणजे मुख्यतः जे जिंकले होते तेच बाहेर पडले. २०२४ ला शार्लटला उरलेल्यांनी ते वाक्य काढून टाकलं. जिंकून घर सोडायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आमच्या पॅरिशमधे पण मीटिंग झाली होती, आपल्या वास्तूत अशी लग्नं लावू द्यायची का म्हणून. तळघरातला हॉल, कॉफीचा मोठा थर्मास, तीसेक माणसं. हात वर करून मत घेतलं. मी हात वर केला नाही. विरुद्धवाल्यांनी केले तेव्हाही नाही. दोन्ही वेळा मी पर्समधे काहीतरी शोधत होते. काय शोधत होते ते आजही सांगता येणार नाही, किल्ल्या असतील. तेव्हा भाचीचं मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं.

माझी एक मैत्रीण कॅथलिक आहे, माहेर उत्तनचं, कोळ्यांच्या घरातली. तिच्याकडे मतदान बितदान काही नाही, रोमहून येतं ते येतं. मार्च २०२१ ला आलं की अशा जोडप्यांना आशीर्वाद देता येणार नाही, देव पापाला आशीर्वाद देत नाही. १८ डिसेंबर २०२३ ला आलं की देता येईल, पण लग्नासारखा नाही, विधी नको, लग्नाचे कपडे नकोत. आणि लगेच ४ जानेवारीला खुलासा आला की हा आशीर्वाद साधारण १० ते १५ सेकंदांचा असावा. अक्षरशः सेकंद लिहिले होते. मैत्रीण म्हणाली, आमच्या नव्या होडीवर फादर याच्यापेक्षा जास्त वेळ पाणी शिंपडतात गं. त्यावर आम्ही खूप हसलो, आणि मग ती म्हणाली की पण तू बघ, पंधरा सेकंद सुद्धा आफ्रिकेतल्या बिशपांना जास्त झाले. खरंय, आठवड्याभरात त्यांनी एकत्र सांगून टाकलं की आमच्याकडे हे होणार नाही. गोऱ्या देशात एक, काळ्या-सावळ्या देशांत दुसरं, असं ढोबळ चित्र सगळीकडे रंगवतात, पण ब्रॅम्प्टनमधे राहणाऱ्या माणसाला ते चित्र फारसं उपयोगाचं नाही, इथे दोन्ही देश एकाच पार्किंगमधे गाडी लावतात.

म्हणजे खरंच एकाच पार्किंगमधे. ताई पेन्टेकॉस्टल मंडळीत जाते, आपलीच माणसं, पंजाबी, तेलुगू, मराठी चारपाच घरं. त्यांची स्वतःची इमारत नाही. ते रविवारी दुपारी दोन वाजता एका युनायटेड चर्चची इमारत भाड्याने घेतात. इकडे हे सर्रास चालतं, गोऱ्यांच्या जुन्या चर्चमधे माणसं उरलेली नाहीत पण छप्पर आणि हीटिंगचं बिल आहे, आणि आपल्या लोकांकडे माणसं आहेत पण छप्पर नाही. आता युनायटेड चर्च म्हणजे कॅनडातलं सगळ्यात मोठं प्रॉटेस्टंट चर्च, १९२५ साली मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन मिळून झालेलं, आणि या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. समलिंगी माणूस पाळक होऊ शकतो हे त्यांनी १९८८ सालीच ठरवलं, तेव्हाही खूप लोक सोडून गेले. लग्नाचं मात्र त्यांच्यातही प्रत्येक मंडळी आपापलं ठरवते.

ह्या मंडळीने केव्हाच हो म्हणून ठरवलेलं. आत शिरलं की डाव्या हाताला नोटीस बोर्ड आणि त्यावर इंद्रधनुष्याचा झेंडा, टाचणीने लावलेला, चांगला उशीच्या अभ्र्याएवढा. ताईच्या मंडळीचे पास्टर दर रविवारी पावणेदोनला येऊन पहिलं काम काय करतात, तर आपला तो उघडून उभा करायचा बॅनरचा स्टँड, 'येशू तारतो' वाला, बरोबर त्या झेंड्यासमोर उभा करतात. उपासना झाली की स्टँड गुंडाळून गाडीत. वर्षानुवर्षं हे चाललंय. कुणी भांडत नाही, झेंडा कुणी काढत नाही, भाडं वेळेवर जातं.

भाचीने लग्न त्याच इमारतीत करायचं ठरवलं तेव्हा ताईला वाटलं हे मुद्दाम, आपल्याला खिजवायला. मी भाचीला फोन केला की अगं एवढी चर्चेस आहेत या गावात. ती म्हणाली, मावशी, मी बारा वर्षांची असल्यापासून उपासना चालू असताना बाथरूमला जाते सांगून बाहेर यायचे आणि तो स्टँड जरा सरकवून मागे बघायचे की अजून आहे ना.

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

ताईबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. ती दुष्ट बाई नाही, मागासलेली तर अजिबात नाही, नर्सिंग होममधे रात्रपाळ्या करून तिने मुलीला शिकवलंय. ती बायबलमधलं लेवीय वाचते, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय वाचते आणि तिला जे लिहिलंय ते दिसतं. मी तिला म्हटलं होतं की लेवीयमधे कोळंबी पण वर्ज्य आहे आणि तू दर नाताळला तिचं लोणचं घालतेस. ती म्हणाली, कोळंबी नरकात जात नाही. विनोद करत नव्हती. मुलीचा आत्मा जाईल ही तिची भीती खरी आहे, ताप आलेल्या लेकराची असते तशी, आणि या भीतीला बहुमताने उत्तर देता येत नाही, दोन-तृतीयांशाने पण नाही.

तिचं दुसरं म्हणणं असं की आपल्या मिशनऱ्यांनी आपल्याला हे शिकवलं नाही. इथे मात्र मला गप्प बसवेना, कारण त्या मिशनऱ्यांचं पुढे काय झालं ते मी शोधून काढलं होतं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला मिशन नगरला आलं, शाळा काढल्या, ज्ञानोदय नावाचं नियतकालिक काढलं, आमच्या पणजोबांच्या पिढीला बाप्तिस्मा दिला. हे लोक काँग्रिगेशनल. अमेरिकेत त्यांचं वारस चर्च म्हणजे आजचं युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट, ज्याच्या महासभेने ४ जुलै २००५ ला अटलांटामधे समलिंगी विवाहाच्या बाजूने ठराव केला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाआधी जवळजवळ दहा वर्षं. मुंबईच्या विल्सन कॉलेजवाल्या स्कॉटिश मिशनचं मूळ चर्च म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंड, त्यांनी पण २०२२ ला २७४ विरुद्ध १३६ मतांनी आपल्या पाळकांना अशी लग्नं लावायची मोकळीक दिली. म्हणजे ज्यांनी आपल्याला येऊन सांगितलं की तुमच्या चालीरीती चुकीच्या आहेत ते स्वतःची चाल बदलून पुढे गेले, आणि त्यांनी दिलेलं पत्र आपण अजून छातीशी धरून बसलोय. आपल्या सीएनआयमधे असं लग्न लागत नाही, आणि भारतात तर प्रश्न चर्चच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने संसदेकडे ढकललाय.

ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मग ते चुकले. मी नंतर विचार केला तर तिच्या बोलण्यातही दम आहे. जे आपल्या पूर्वजांना शिकवतात तेच कायम बरोबर असं थोडंच आहे. पण मग हा नियम तिने दोन्हीकडे लावायला हवा, आणि मी पण.

लग्न शनिवारी होतं, पानं लालपिवळी, बाहेर झोंबणारा वारा. भाची नगरच्या नवऱ्या नेसतात तशी पांढरी साडी नेसली होती, डोक्यावर वेल, दुसरी नवरी गडद निळ्या सूटमधे. पाळकबाई उंच, आवाज खर्जातला. बॅन्स नव्हते, लायसन्स होतं, हरकतीचा प्रश्नच कुणी विचारला नाही, आणि मला तेवढ्यात चुकल्यासारखं झालं. वाचन बायबलमधल्या रूथचं होतं, तू जाशील तिथे मी येईन, ते. सगळ्या जगात हे लग्नात वाचतात आणि कुणाच्या लक्षात राहत नाही की हे एका सुनेने सासूला म्हटलेलं आहे. इंग्लिशमधे वाचन चाललं होतं आणि मी ओठातल्या ओठात मराठीत म्हणत होते.

दाजी आले नाहीत, म्हणजे आले, पार्किंगमधे गाडीत हीटर लावून बसले. ताई आत आली. डाव्या बाजूच्या चौथ्या बाकावर बसली, तिची रोजची रविवारची जागा. कोट काढला नाही. आत चांगलं गरम होतं, लोकांनी स्वेटर सुद्धा काढले होते, हिची चेन गळ्यापर्यंत लावलेली आणि पर्स मांडीवर उभी, बस आली की उठायचं असल्यासारखी. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, गाणं झालं, चेन तिथेच.

मग रजिस्टरवर सह्या. दोन साक्षीदार लागतात. एक त्या मुलीचा भाऊ आणि दुसरी मी, भाचीने आदल्या रात्रीच मेसेज करून विचारलं होतं, तू करशील ना, आणि मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले होते, त्यात शब्द लागत नाहीत म्हणून. आता टेबलापाशी उभी राहिले तर पाळकबाईंचं पेन चालेना. त्यांनी झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गोल गोल काढलं, नाहीच. सगळं चर्च बघतंय. मग मी पर्स उघडली आणि शोधायला लागले. यावेळी पेन सापडलं, बँकेतून मिळालेलं फुकटचं. सही केली, ती नेहमीसारखी आली नाही, शेवटची वेलांटी रेषेखाली गेली.

हॉलमधे जेवणाच्या वेळी ताई कोटातच प्लेटा मोजत फिरत होती, पुरतील ना म्हणून. निघताना तिने केकचा तुकडा पेपर नॅपकिनमधे गुंडाळून पर्समधे टाकलेला मी पाहिला.

आत्याला कुणी सांगायचं नाही असं ठरलं होतं. आत्या म्हणजे ताईची आई, शहाऐंशीची, नगरला असते. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, दर रविवारी व्हिडिओ कॉल करून ती आम्हा सगळ्यांना समोर बसवते आणि प्रार्थना करते. तिची प्रार्थना म्हणजे यादी असते, घराघराने. थोरल्याचं घर, नवराबायको, मुलं, मग धाकट्याचं घर, मग पुण्याची, मग टोरोंटो. ज्याचं लग्न झालं त्याचं त्याच्या माणसाबरोबर जोडीने नाव घेते आणि ते घर वेगळं मोजते, लग्न झालं नाही तोवर आईबापाच्या घरात. एक नाव चुकत नाही.

तिला कुणी सांगितलं ते अजून कळलेलं नाही. व्हॉट्सअपवर कुणाचातरी फोटो गेला असणार, नगरला काय लपतंय.

लग्नानंतरच्या तिसऱ्या रविवारी यादी टोरोंटोवर आली. डोळे मिटलेले, पदर डोक्यावर, फोन नेहमीप्रमाणे तिरका, अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतोय. ताईचं नाव घेतलं, दाजींचं घेतलं. तिथे नातीचं नाव यायला हवं होतं, ते आलं नाही. माझं घर घेतलं. माझ्या मुलांची नावं घेतली. मी एक डोळा उघडून स्क्रीनवर ताईच्या चौकोनात बघितलं, तर तिचेही डोळे उघडे. मग आत्या थांबली. पंख्याचा आवाज येत होता. आणि मग वेगळं घर मोजावं तसं तिने नातीचं नाव घेतलं, आणि म्हणाली, आणि तिच्या घरचे सगळे.